सूत बाईचं, संघ कुणाचा?

आष्टीत सूतकताई-विणकामाचा संघ काढायचं चाललं आहे. आष्टी म्हणजे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातली. बीडची नव्हे, की वर्ध्याची आष्टी (शहीद) नव्हे. संघाच्या नियमांचा कच्चा मसुदा बचत गटांच्या अध्यक्षांकडे पोचला आहे आणि त्यावर सह्या-अंगठे घ्यायची घाई सुरू आहे. मसुदा एका संस्थेने तयार केला आहे. तिचं नाव इथे घेत नाही, कारण अशा मजकुराची फाईल आपल्यापैकी प्रत्येकीने कुठल्या ना कुठल्या कार्यालयात पाहिलेली आहे. त्यातल्या तीन गोष्टी मात्र मांडायलाच हव्यात. चरखे बायकांच्या घरी दिले जातील आणि त्यांनी ते ‘फावल्या वेळात’ चालवावेत. हातमाग शेडमध्ये राहतील आणि त्यांवर ‘प्रशिक्षित विणकर’ बसतील. संघाचं सभासदत्व ‘कुटुंबप्रमुखा’ला मिळेल.

म्हणजे सूत बाईचं, कापड विणकराचं आणि संघ नवऱ्याचा.

मैत्रिणींनो, माझा विरोध संघाला नाही, हे आधीच सांगते. आमच्या भागात कापसाला तोटा नाही. सरकी टोबते बाई, निंदते-खुरपते बाई, कमरेला ओटी बांधून दिवाळीपासून वेचायला वाकते तीही बाई. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं सोलवटून निघतात आणि वेचणीचा हिशेब किलोवर होतो. पुढे तो कापूस जिनिंगमध्ये जातो, गाठी बांधल्या जातात आणि ट्रकमध्ये बसून गाव सोडतो. परत येतं ते आठवडी बाजारातलं पॉलिस्टरचं लुगडं. ज्या गावात कापूस पिकतो तिथे त्याचं हातभर सूतही निघत नाही, ही गोष्ट बदलायलाच हवी. सूत गावात निघालं, कापड गावात झालं, तर वेचणी संपल्यावर ऊसतोडीला जायचं की नाही हे ठरवायची थोडी तरी मोकळीक बायकांना मिळेल. म्हणून संघ हवाच. प्रश्न आहे तो संघ कुणाच्या नावावर आणि कुणाच्या घामावर उभा राहणार हा.

आधी तो ‘फावला वेळ’ बघू. आमच्या गटातल्या बायकांबरोबर आम्ही एकदा दिवसाचा तक्ता भरला होता. पाणी, भाकरी, झाडलोट, जनावरं, दुसऱ्याच्या रानातली निंदणी, सरपण, परत भाकरी. तक्त्यात फावला वेळ शोधायला गेलं तर तो रात्री नऊनंतर सापडला, तोही वीज असली तर. मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुधा स्वतःचा दिवस असावा. बरं, फावल्या वेळातलं काम म्हटलं की त्याचा मोबदला ‘चार पैसे’ होतो, ‘हातभार’ होतो, ‘पूरक उत्पन्न’ होतं. मजुरी होत नाही. आठ तास कातणारीचं आणि दोन तास कातणारीचं काम एकाच नावाखाली ढकललं, की आठ तासवालीला पोटापुरतं द्यायची जबाबदारी उरत नाही. हा शब्द भाबडा नाही.

आणि तो नवाही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाचं एक प्रकरण आहे. राजाच्या सूतशाळेसाठी सूत कुणाकडून कातून घ्यावं, याची तिथे यादीच दिली आहे: विधवा, अपंग बायका, मुली, संन्यासिनी, दंड फेडण्यासाठी राबणाऱ्या, गणिकांच्या आया, म्हाताऱ्या राजदासी, देवळाची सेवा सुटलेल्या देवदासी. थोडक्यात, जिला दुसरा आधार नाही ती. ज्या घराबाहेर पडत नाहीत त्यांच्याकडे दासीमार्फत काम पाठवावं, असंही त्यात आहे. म्हणजे ‘घरबसल्या रोजगार’ ही कल्पना आपल्या योजना अधिकाऱ्यांच्या किती तरी आधीची! मजुरी सुताच्या पोताप्रमाणे आणि वजनाप्रमाणे. मजुरी घेऊन काम केलं नाही, तर अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तोडण्याची शिक्षा. कातणारीची नेमकी तीच बोटं! अर्थात, मजुरी द्यायला उशीर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही तिथे दंड सांगितला आहे, हे सांगायला हवं. आजच्या कुठल्या योजनेत तेवढंही दिसत नाही.

आता दुसरी बाजू. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, उषवदाताचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका निकायाकडे २००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या एका विणकर निकायाकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च निघायचा. विणकरांची संघटना इतकी भक्कम होती की राजाचा जावई तिच्याकडे ठेव ठेवत होता. निकाय म्हणजे आपला संघच. आपल्याकडे संघाची परंपरा आहे असं व्यासपीठावरून सांगणारे हा लेख हमखास काढतात. पण त्या विणकरांना सूत कोण देत होतं? लेखात ती नाही. तिला निकाय नव्हता. तिच्यासाठी सूत्राध्यक्ष होता.

युरोपातही सगळीकडे असंच होतं असं नाही. जर्मनीतल्या कोलोन शहरात १३९७ मध्ये सूत करणाऱ्या बायकांचा आणि १४३७ मध्ये रेशीमवाल्या बायकांचा संघ स्थापन झाला. तिथे उस्ताद बायका होत्या आणि शिकाऊ उमेदवार मुली. पण रेशमाचा व्यापार बऱ्याचदा नवऱ्यांच्या हातात राहिला. कसब बाईच्या हाताला आलं तरी बाजार आणि हिशेब हाताला आला नाही, तर संघ किती दिवस तिचा राहतो हे समजायला कोलोनपर्यंत जायची गरज नाही म्हणा. आपल्या बचत गटांची बँकेची पुस्तकं कुणाच्या खिशात असतात ते पाहिलं तरी पुरे.

सूतकताईबद्दल बोलायचं तर चरखा संघाला बगल देता येत नाही. अखिल भारत चरखा संघ १९२५ मध्ये पाटण्याला स्थापन झाला, गांधीजी अध्यक्ष. चरख्याने लाखो बायकांना प्रतिष्ठा दिली, घराबाहेर आणलं, तुरुंगात जायचं बळ दिलं, हे आपण मानतोच. पण संघाची घटना वाचा. अ वर्गाच्या सभासदाने दरमहा १००० वार स्वतः कातलेलं सूत वर्गणी म्हणून द्यायचं. जी व्यक्ती त्याग म्हणून कातते तिचं सूत वर्गणी ठरलं, तिला मत मिळालं. जी पोटासाठी दिवसभर कातत होती तिचं सूत माल ठरलं. त्या सुताच्या बळावर ती सभासद होत नव्हती. पहिल्या कार्यकारी मंडळात नऊ जण होते आणि त्यांत एकही बाई नव्हती. कातणाऱ्यांत मात्र बहुतेक बायकाच.

दहा वर्षं हे असं चाललं. मग १९३५ मध्ये खुद्द गांधीजींनीच हा प्रश्न उपस्थित केला. कातणारीला दिवसाला मिळणाऱ्या आण्या-दीड आण्यात तिचं पोट भरत नाही, तेव्हा ही खादी शोषणातून सुटलेली कशी, असं त्यांनी आपल्याच कार्यकर्त्यांना विचारलं. आठ तासांना आठ आणे मिळावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. कार्यकर्ते घाबरले. खादी महागेल, गिऱ्हाईक तुटेल, भांडारं बंद पडतील. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात चरखा संघाने ठराव केला: कातण्याची मजुरी अपुरी आहे, ती आठ तासांच्या सफाईदार कामावर मोजावी आणि तीत कातणारीला वर्षाचं २० वार कापड आणि शास्त्रीय प्रमाणाने ठरवलेला किमान आहार मिळाला पाहिजे. प्रत्यक्षात आठ आणे मिळाले नाहीत, वाढ बरीच कमी झाली. तरी या ठरावाचं मोल मी कमी मानत नाही. बाजारात सुताला काय भाव येतो यावरून मजुरी ठरवायची नाही, कातणारीला जगायला काय लागतं यावरून ठरवायची, हे तत्त्व लेखी मान्य झालं. आपल्या मसुद्यात नव्वद वर्षांनंतर त्याचा मागमूसही नाही. गांधींचा फोटो मात्र मुखपृष्ठावर आहे.

आजचा दर बघा. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १ एप्रिल २०२५ पासून कातणारीला गुंडीमागे १५ रुपये ठरवले. गुंडी म्हणजे १००० मीटर सूत. पूर्वी हाच दर ४ रुपये होता, त्यामुळे वाढ मोठी झाली असं सांगितलं जातं, आणि ती झाली आहेच. पण हिशेब आपण करू. आठ चात्यांच्या सुधारित चरख्यावर सरावलेला हात आठ तासांत वीस-पंचवीस गुंड्यांपर्यंत जातो. पेळू चांगला असला, चाती नीट असली, मध्ये मूल रडलं नाही, तर. वीस गुंड्यांचे झाले ३०० रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर ३१२ रुपये ठरला होता. म्हणजे कसबी बाईने दिवसभर मान मोडून वीस गुंड्या कातल्या तरी ती अकुशल मजुराच्या खालीच. नवशिकीच्या निम्म्याही गुंड्या निघत नाहीत. आणि हा पूर्ण दिवसाचा हिशेब आहे. ‘फावल्या वेळात’ दोन-अडीच तास मिळाले तर काय हाती लागेल, ते गटातल्या शाळकरी मुलीलाही काढता येईल. पेळू खराब निघाला तर सूत तुटतं, गुंडी कमी भरते, आणि तो तोटा कातणारीच्या पदरात पडतो. पेळू मात्र तिने केलेला नसतो, तो बाहेरून येतो.

‘ताई, काहीच नसल्यापेक्षा बरं नाही का? घरी बसून दोन पैसे भेटतेत.’ हे मला बैठकीत ऐकावं लागतं आणि त्याला धुडकावून लावायचा मला अधिकार नाही. हे बोलणारी बाई बहुतेक वेळा टाकलेली किंवा विधवा असते, कौटिल्याच्या यादीतलीच. तिला उद्याचं तेल-मीठ आणायचं आहे. पण तिची गरज हाच दर पाडायचा आधार होऊ द्यायचा का? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायका खडी फोडत होत्या तेव्हा त्यांनाही ‘काहीच नसल्यापेक्षा’ हेच ऐकवता आलं असतं. मोर्चे निघाले, घेराव झाले, आणि पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. त्यात कामाचा हक्क आला आणि बाई-पुरुषाला एकच दर आला. आपल्या आया-मावश्यांनी हे दगड फोडता फोडता मिळवलं. सुताच्या बाबतीत आपण त्याच्याही मागे जायचं?

आता विणकर. विणकर काही आपला शत्रू नाही. चौथ्या हातमाग गणनेप्रमाणे (२०१९-२०) देशात ३५ लाख २२ हजार हातमाग कामगार होते. आधीच्या २००९-१० च्या गणनेत ते ४३ लाखांवर होते. दोनतृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न ५००० रुपयांच्या आत होतं. माग चालवणारा पुरुषही पिळलाच जातो आहे. पण याच गणनेत हातमाग कामगारांत ७२ टक्के बायका आहेत. ईशान्येत तर माग हा बाईचाच. बाईला माग पेलत नाही, तिचे पाय पोचत नाहीत, पाळीत शिवू नये, हे जे आपल्याकडे ऐकवलं जातं ते किती पोकळ आहे ते यावरून कळावं.

आपल्याकडे कोष्टी, साळी, मोमीन घरांत बाई मागाच्या मागे असते. सूत उकलायचं, खळ द्यायची, कांड्या भरायच्या, ताणा लावायला हात द्यायचा. धोटा फेकायच्या आधीचं बहुतेक काम तिचं. पण मजुरी ठरते ती विणलेल्या मीटरवर आणि ती मिळते मागावर बसलेल्याला. तिच्या कामाला ‘पूर्वतयारी’ म्हणतात. पूर्वतयारी नसेल तर माग उभाच राहील, पण नोंद नाही, दर नाही. सहकारी संस्थेत सभासद कोण? ज्याच्या नावावर माग. बाईच्या नावावर मागही नाही आणि घरही नाही. मसुद्यातला ‘कुटुंबप्रमुख’ आला तो इथूनच.

यावर म्हणतात, घरात पैसा येतो ना, मग कुणाच्या नावावर येतो त्याने काय फरक पडतो? तो पैसा देशी दारूच्या दुकानाच्या वाटेने कसा जातो हे या पत्रिकेच्या वाचकांना मी सांगायला नको.

दुसरा मुद्दा जागेचा. चरखे घरी नकोत, शेडमध्ये हवेत, असं आम्ही म्हणतो तेव्हा ते लोकांना आडमुठेपणाचं वाटतं. पण गिरणगाव आठवा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत जवळजवळ पाचवा हिस्सा बायका होत्या, बहुतेक रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात. त्या एका छपराखाली बसत, म्हणून त्यांना एकमेकींची मजुरी माहीत होती, म्हणून त्या संपात उतरल्या, आणि पार्वतीबाई भोरांसारखी बाई पुढारी झाली. पुढे मालकांनी आणि नव्या यंत्रांनी त्यांना बाहेर काढलं आणि युनियननेही फार दुःख केलं नाही, हा भाग वेगळा. घरात एकटी कातणारी मात्र कधीच संपात उतरू शकली नाही. शेजारणीला गुंडीला काय मिळालं हेही तिला कळत नाही. हरताळ करायचा तर कुणाशी? चुलीशी?

घरात राबणाऱ्या बाईला कामगार मानायचं नाही, ही खोड कामगार चळवळीचीही आहे. अहमदाबादचा मजूर महाजन संघ गिरणी कामगारांचा. त्याच्या महिला विभागात १९५४ पासून कामगारांच्या बायकांसाठी शिवण-भरतकामाचे वर्ग चालत. त्यातूनच इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ उभी केली. नोंदणीला गेल्यावर कामगार खात्याने विचारलं, तुमचा मालक कोण? मालक नाही तर युनियन कशाची? भांडून नोंदणी मिळवावी लागली. १९८१ मध्ये महाजनाने ‘सेवा’ला बाहेर काढलं. पण सभासद बाई, पुढारी बाई, बँकही बाईची, हे करता येतं हे तोवर सिद्ध झालेलं होतं. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरखेपेच्या कामाचा करार, क्रमांक १७७, मंजूर केला: घरी काम करणाऱ्याला इतर मजुरांच्या बरोबरीने वागवा. भारताने तो मान्य केलेला नाही. आणि २०२० च्या जुलैत तर अखिल भारतीय हातमाग मंडळच बरखास्त झालं. विणकरांना सरकारदरबारी बोलायची होती ती एक खिडकीही बंद झाली.

शेजारचं नांदेड पाहा. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचा राष्ट्रध्वज आपल्या सगळ्यांच्या अभिमानाचा विषय. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावरच्या, पॉलिस्टरच्या ध्वजाला परवानगी मिळाली. एका ओळीच्या बदलाने खादीच्या ध्वजाला स्वस्त स्पर्धक उभा राहिला. अशा वेळी कार्यालयातला पगार लगेच थांबत नाही, आधी पेळू येणं थांबतं. गुंडीवर जगणारीला नोटीसही लागत नाही. आष्टीचा संघ उद्या कुठल्या एका मालावर, एका खरेदीदारावर उभा करणार असाल, तर मागणी आटल्यावर कातणारीचं काय, याचं उत्तर नियमांत आज लिहा.

आमचं म्हणणं नियमांच्या भाषेत सांगायचं तर असं आहे. जी कातते, जी कांड्या भरते, जी ताणा लावते, जी विणते, ती स्वतःच्या नावाने सभासद. शेअरची रक्कम एकदम नको, मजुरीतून हप्त्याने घ्या. मजुरी आठ तासांवर ठरेल, रोजगार हमीच्या दराच्या खाली नाही. गुंड्यांचा हिशेब त्यानंतर, कसबाचा बोनस म्हणून. खराब पेळूचा, बंद विजेचा, मोडक्या चातीचा वेळ हजेरीत धरायचा. मागावर बसायचं शिक्षण बायकांनाही, आणि निम्मे माग त्यांच्यासाठी. शेडला लागून पाळणाघर. ज्यांना खरोखर घराबाहेर पडता येत नाही त्यांना चरखा घरी द्या, पण सभासदत्व आणि तासाचा दर तोच. आणि हिशेबाची वही महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची: कापूस केवढ्याचा, पेळू केवढ्याचा, कातणारीला किती, विणणाऱ्याला किती, रंगाईला किती, दुकानदाराला किती. गिऱ्हाईक ज्या कापडाला शेकडो रुपये मोजतं त्यात कातणारीचे रुपये किती, हे तिला कळलं पाहिजे. महागेल, महागेल असं १९३५ मध्ये सांगणाऱ्यांनी मधल्या खर्चाचा आकडा मजुरीइतक्या चिंतेने तपासला असता तर बरं झालं असतं.

हे सगळं मान्य केलं तर संघ तोट्यात जाईल, असं संस्थेच्या माणसाने मला सांगितलं. जाईलही कदाचित पहिली दोन वर्षं. सरकार सूतगिरण्यांना भागभांडवल देतं, वीज सवलत देतं, बुडाल्या तरी देत राहतं. तिथे तोटा हा धोरणाचा भाग असतो. वीस बायकांच्या शेडचा तोटा तेवढा अक्षम्य. त्यांच्या पगाराच्या, गाडीच्या, फलकाच्या खर्चाचा तक्ता मी मागितला आहे. अजून आलेला नाही.

आपल्यातल्याही काही गटांना हा वाद नको आहे. योजना हातची जाईल, चरखे दुसऱ्या तालुक्याला जातील, अशी भीती आहे. मागच्या एका योजनेतले चरखे याच भागात अजून खाटांखाली पडून आहेत, माळा तुटलेल्या, चात्या गंजलेल्या. ते परत न्यायला कुणी आलेलं नाही, आणि त्या बायका मात्र कागदावर ‘लाभार्थी’ म्हणून जमा आहेत. त्यांच्या यादीत आणखी नावं घालायची असतील तर सही करायला हरकत नाही.

पुढच्या बैठकीला मसुद्याची प्रत प्रत्येकीच्या हातात असेल आणि जिला वाचता येत नाही तिला ती वाचून दाखवली जाईल, एवढं आम्ही ठरवलं आहे. ‘सभासद’च्या रकान्यातला ‘कुटुंबप्रमुख’ खोडून तिथे ‘काम करणारी व्यक्ती’ असं लिहून मागितलं आहे. संस्थेचं उत्तर आलं की कळवू. तोवर परतूर, मंठा, घनसावंगीकडच्या गटांकडे हाच मसुदा आला असेल, तर त्यांनी अंगठे देऊ नयेत आणि आमच्याशी संपर्क साधावा.